परगावच्या वासाचा रिकामा सापळा

एकाच जातीच्या पतंगाच्या मादीचा वास मुलखागणिक वेगळा असतो का? काही पतंगांत असतो, असं वाचलंय. आमच्या भातावरच्या खोडकिड्याचं मला सांगता येत नाही.

राजापूरजवळच्या माझ्याच गावात मी कृषी खात्यासाठी कामगंध सापळे लावते. मादीच्या वासाची गोळी बाहेरून येते. तिला भुलून नर आत अडकावेत, एवढीच अपेक्षा.

आज शेजारच्या काकीने खोडकिड्याने पांढऱ्या, पोकळ केलेल्या लोंब्या माझ्या हातात दिल्या. तिच्या शेतातला सापळा मात्र रिकामा.

"गो बाय, आमची पाखरं परगावच्या पोरीला भुलायची नाय," ती हसली.

मला हसता आलं नाही. लावणीआधी रोपांचे शेंडे खुडून किड्याची अंडी काढायची तिची सवय मीच मोडली होती. 'आता सापळा आहे ना!' मी शिकलेली, घरातली पहिली पदवीधर, म्हणून तिने ऐकलं.

खात्यातल्या साहेबांना फोन करून आमच्याकडे वेगळी गोळी हवी का, विचारलं. "गोळी सगळीकडे तीच असते. अहवालात दर आठवड्याच्या रकान्यात चार-पाच पतंग लिहून टाक."

म्हणजे पुढच्या वर्षीही हीच गोळी आणि काकीचं भात पुन्हा पोकळ. तुम्ही काय लिहिलं असतं?

मी प्रत्येक आठवड्यापुढे शून्य लिहिलं, खाली शेंडे खुडणं थांबवल्याची माझी चूक लिहिली आणि सही करून अहवाल पाठवून दिला.