कंस न काढणाऱ्या मॅडम

“हा कंस आता काढू या,” असं कुणी म्हटलं की गजभिये मॅडम आधी चष्मा काढायच्या. स्वेटरच्या बाहीनं तो सावकाश पुसायच्या, परत डोळ्यांवर चढवायच्या आणि समोरच्याला विचारायच्या, “व्हाय?” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणायच्या, “काहून रे यांना इतकी घाई?”

करारांच्या वाटाघाटींत एक रीत असते. ज्या मजकुरावर दोन्ही बाजूंचं एकमत झालेलं नाही, तो चौकटी कंसात ठेवायचा. पटलं की कंस काढायचा. सगळे कंस निघाले की करार झाला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, संघात असताना आपोआप चालणाऱ्या कितीतरी गोष्टी एकेका देशाशी, एकेका धंद्यापुरत्या नव्यानं ठरवायची वेळ आली. त्याच लाटेत त्यांनी अमेरिकेशीही बोलायला घेतलं आणि त्यातला एक लहानसा तुकडा आमच्या वाट्याला आला. इथल्या इंजिनियरचा परवाना तिथे चालावा आणि तिथला इथे. आमच्या इंजिनियरांच्या संघटनेतर्फे वाटाघाटी करायच्या मॅडमनी आणि मसुदा लिहायचा मी. मिनेसोटात ईडन प्रेरी गावातल्या आमच्या ऑफिसात सगळे त्यांना ‘मिसेस ब्रॅकेट’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं. “चांगलं आहे ना,” म्हणायच्या, “निदान नाव तरी कामावरून पडलं.”

त्या मूळच्या नागपूरच्या. पुलांच्या इंजिनियर. तिकडच्या पहिल्या नोकरीत साहेबांनी त्यांचं आडनाव विचारलं आणि पुढचा प्रश्नच विचारला नाही. बसायला मात्र खुर्ची दिली, ती सगळ्यांपासून वेगळी. हे सांगताना त्यांचा आवाज कधी जड झाला नाही. “खुर्ची चांगली होती रे. खिडकीजवळची. तिथं बसूनच अमेरिकेचे फॉर्म भरले.” इथे येऊन त्यांनी सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या, परवाना घेतला आणि निवृत्तीपर्यंत पुलाखाली उभं राहून भेगा तपासल्या, मिनेसोटाच्या थंडीत.

पार्ट्यांमध्ये त्यांना हमखास विचारलं जायचं, “तुम्ही कुठल्या?”

“ईडन प्रेरीची.”

“नाही, म्हणजे, मूळच्या?”

“मूळची? आत्ता हायवे टू-ट्वेल्व्हवरून आले. फार ट्रॅफिक होता.”

विचारणारा हसायचा, पण पुन्हा विचारायचा नाही.

मी स्वभावानंच अपराधी वाटून घेणारा माणूस आहे. दुसऱ्याचा धक्का मला लागला तरी सॉरी मीच म्हणतो. मॅडम चिडवायच्या, “जोशीबुवा, सॉरी म्हणायचा वेगळा पगार मिळतो का तुम्हाला?” पण काही बाबतीत मला वाटणारी शरम खरी होती. त्या फोनवर ‘जय भीम’ म्हणायच्या आणि सुरुवातीची बरीच वर्षं मी उत्तरादाखल नुसतं ‘हं, बोला मॅडम’ म्हणत असे. का, ते मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. त्यांनी ‘जय भीम’ म्हणणं सोडलं नाही. शेवटी मलाच तोंड उघडावं लागलं.

वाटाघाटींच्या दिवशी त्या डब्यात कोथिंबीर भरलेल्या पुडाच्या वड्या आणायच्या, पण दुपारपर्यंत डबा उघडायच्या नाहीत. एकदा मी सुचवलं की आधीच दिल्या तर पाहुणे जरा सैल होतील. “खाऊ घालून मागायचं मला जमत नाही,” त्या म्हणाल्या. “आधी भांडण, मग जेवण.” ब्रिटिशांचा प्रमुख ज्युलियन फार सभ्य माणूस होता. सकाळभर मॅडमकडून बोलणी खायचा आणि दुपारी वड्या मागून घ्यायचा.

बाकीचे कंस एकेक करून निघाले. एकच अडला. ज्युलियनच्या बाजूचं म्हणणं असं, की परवान्याला मान्यता देऊ, पण त्या माणसाची पहिली डिग्री आपल्या दोन देशांपैकीच एका देशातली हवी. आम्ही नुकतेच संघातून बाहेर पडलोय, मागच्या दारानं कुणी आलेलं आमच्या लोकांना चालणार नाही, असं तो म्हणाला.

“परीक्षा तीच. परवाना तोच. पूलही तोच,” मॅडम म्हणाल्या. “ट्रक पुलावर चढताना विचारतो का, इंजिनियर शिकागोत शिकला की नागपुरात?”

आमच्या संघटनेचा अध्यक्ष गॅरी मात्र घायकुतीला आला होता. शुक्रवारी वार्षिक अधिवेशन होतं आणि त्यात त्याला करार जाहीर करायचा होता. म्हणून मी मधला मार्ग लिहून काढला. ज्यांच्याकडे आज परवाना आहे त्यांना ही अट नाही, यापुढे येणाऱ्यांना आहे. ज्युलियननं मान डोलावली. गॅरीनं माझी पाठ थोपटली. माझी पहिली डिग्री पुण्याची, पण इथला परवाना आधीच हातात होता. मी सुटलो होतो आणि मला बरं वाटलं होतं, हे इथे लिहायलाच हवं.

मॅडमनी तो कागद जेवताना वाचला.

“म्हणजे आपण दोघं आत?”

“हो मॅडम. तुमचं, माझं, सगळ्या मेंबरांचं काम झालं.”

“आणि पुढच्या वर्षी अमरावतीहून शिकून येईल ती पोरगी?”

मी ते कलम पुन्हा वाचलं.

“आपण आत आलो, आता दार लावून घ्या, असं लिहिलंस तू. इंग्रजी मात्र सुंदर आहे.” त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. “घे, खा. रागावले नाही. पण हे माझ्या नावानं जाणार नाही.”

जेवणानंतर गॅरीनं मॅडमना सरळच विचारलं, “सुनंदा, शुक्रवारी मी काय जाहीर करू?”

“करार जाहीर कर. कंसासकट कर.”

“कंस असेल तर तो करार नाही.”

“मग झालेला नाही, हे जाहीर कर. खरं तेच आहे.”

गॅरीचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, “कंस काढ, नाहीतर तुझ्या जागी जोशीला बसू दे.”

मॅडमनी चष्मा काढला नाही. कोट घातला, डबा पिशवीत टाकला आणि ज्युलियनशी हात मिळवला. “माझा जन्म कुठे झाला हे विचारून झाल्यावर माझं काम बघणारे लोक मी खूप पाहिलेत. त्यांच्यासाठी कायदा लिहून द्यायला मी इथे आलेले नाही,” असं त्या इंग्रजीत म्हणाल्या, अगदी शांतपणे. मग मराठीत मला म्हणाल्या, “बस खुर्चीवर. उभा काहून राहिला?”

मी बसलो. गॅरीनं विचारलं, “मग, काढायचा ना कंस?” माझा मधला मार्ग माझ्याच समोर टेबलावर पडला होता. तो मी उलटा करून ठेवला आणि नाही म्हणालो. त्या शुक्रवारी अधिवेशनात करार जाहीर झाला नाही. पुढच्या महिन्यात मलाही वाटाघाटींच्या समितीतून काढलं.

मॅडम नंतर सांता क्लाराला मुलाकडे राहायला गेल्या. त्यांची खोकी गाडीत भरताना मी म्हणालो, “मॅडम, हरलोच आपण.”

“हरलो?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “सही झाली असती तर हरलो असतो. आता त्यांना पुन्हा बोलावंच लागेल. आणि तू इथंच आहेस.”

गेल्या वर्षी तिकडेच त्या वारल्या. बातमी त्यांच्या मुलानं फोनवर सांगितली. त्याला मी फक्त “जय भीम” म्हणालो.

आता त्या करारावर पुन्हा बोलणी सुरू होताहेत. कलम तेच आहे. नवीन समितीला घाई आहे आणि माझा जुना मधला मार्ग कुणीतरी शोधून काढला आहे, असं कानावर आलं. बैठक मंगळवारी आहे. मला बोलावलेलं नाही. मी जाणार आहे.