सासूबाईंचा डावा पाय

धाकट्या जावेवर मी जळायचे. उगाच खोटं कशाला बोलू? घर चालायचं माझ्या हातांवर आणि सासूबाईंच्या तोंडी कौतुक सदा तिचं.

तारापूरला अणुभट्टीचं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं, त्या सुमारास सासूबाईंना गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. मुंबईत मोठं ऑपरेशन झालं. तिथे उशाशी मी बसले. निघताना नर्सने मला बजावलं, "रोज चालवा. पोटरी सुजली तर चेपू नका. आत रक्ताची गुठळी असते, ती सरकून छातीत गेली तर माणूस जातं. लगेच इकडे आणा."

बोईसरजवळच्या आमच्या घरी आल्यावर धाकटीने त्यांची बाळंतीणच केली. गर्भाशयाचं दुखणं म्हणजे बाळंतपणच की, असं तिचं म्हणणं. खाटेखाली शेगडी, डिंकाचे लाडू, दोन्ही वेळा तेल लावून पाय चेपणं. मी दंडाला धरून अंगणात चालवायला लागले की सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "ही मोठी मला मारून टाकील. धाकटी हाय म्हणून मी हाय." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आठ दिवसांनी मी चालवणंच सोडलं. म्हटलं, घे बाई, तुझी सासू तूच सांभाळ.

चारच दिवसांत डावा पाय दुधी भोपळ्यासारखा सुजला. धाकटी तेलाची वाटी घेऊन बसली, तशी मी तिचं मनगट धरलं. "चेपू नको. गुठळी असंल."

"तुला बघवत नाय," सासूबाई म्हणाल्या. "ती माझं करते ते तुझ्या डोळ्यांत खुपतं."

खुपतच होतं. नवऱ्यालाही ते ठाऊक, म्हणून तोही ऐकेना. तेव्हा मी वाटी अंगणात भिरकावली आणि खाटेवर त्या पायाशी बसले. "मुंबईला नेईपर्यंत याला कोणी हात लावायचा नाय." शेवटी नवऱ्याने स्टेशनला न्यायला गाडीला बैल जुंपले, तोवर मी उठले नाही.

मुंबईत गुठळीच निघाली. इंजेक्शनं झाली, सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, सुजलेला पाय चेपला असता तर बाई वाटेतच गेल्या असत्या. मग त्यांनी विचारलं, "यांना चालवायचं बंद कोणी केलं?"

धाकटी रडायलाच लागली. "माझंच चुकलं. मीच आईंना निजवून ठेवलं."

मी गप्प राहिले. सासूबाईंनी तिच्याकडे पाठ केली आणि माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी तो सोडवून घेतला नाही.