गुडघा माझा, बातमी त्यांची

महागावच्या स्पर्धेत माझा गुडघा गेला, तेव्हा लाऊडस्पीकरवरून लोकांना सांगण्यात आलं की मला पायात गोळा आला आहे. मी मॅटच्या कडेला आडवी होते, ओठ दातांत धरून. आणि वर भोंग्यातून आवाज येत होता, "घाबरायचं कारण नाही, आपल्या लाडक्या खेळाडू पुढच्या सामन्यात दिसतीलच!" टाळ्याही पडल्या.

मी कबड्डीत चढाई करणारी. बंजारा तांड्यावरची पोरगी, नांगरलेल्या शेतातून पळून पाय तयार झालेले. आमच्या टीमचे एक मालक होते. ते आम्हाला जीपनं गावोगावच्या स्पर्धांना पाठवायचे. प्रशिक्षकांना आम्ही सर म्हणायचो. त्या दिवशी चढाईत एकीनं माझा घोटा धरला, दुसरी मागून कमरेवर पडली. पाय तिथेच अडकला आणि मी वळले. आत काहीतरी तुटल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. गोळा कसला!

यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासण्या झाल्यावर सरांना आणि मला समोरासमोर सांगितलं, की आतलं लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन करावं लागेल, तोवर मॅटवर पाऊल ठेवायचं नाही. परतताना जीपमध्ये सर म्हणाले, "हे कोणाले सांगू नको."

"काहून सर?"

"समोरच्याईले समजलं तं पुढं तुह्या त्याच पायावर झेप घेतील. मी तुह्याच भल्यासाठी सांगून राह्यलो."

हे मला पटलं. दुखरी जागा कोण कशाला दाखवील?

पण मग बाभुळगावची स्पर्धा आली आणि तिच्या फलकावर माझाच फोटो होता. मी सरांना म्हटलं, "मी तं खेळू शकत नाई."

"तुले खेळ म्हनते कोण? ड्रेस घालून बाकावर बस. लोकांले दिसली पाहिजे."

गुडघ्यावरचा पट्टा पँटखाली झाकून मी बाकावर बसले. आमच्या पोरी एकामागून एक बाद होत होत्या आणि मागून लोक ओरडत होते, "उतर न व! काहून बसून राह्यली?" आम्ही हरलो. उठताना मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "हिले आता घमंड आली." तिचा काय दोष? तिला जेवढं सांगितलं होतं तेवढंच तिला माहीत होतं.

खरा कहर पुढेच झाला. लोक विचारायला लागले म्हणून मालकांनी व्हॉट्सॲपवर टाकून दिलं की आमच्या खेळाडूचं लग्न जमलं असल्यामुळे ती काही काळ खेळणार नाही, तिला टीमतर्फे शुभेच्छा. खाली हार आणि मिठाईची चित्रं.

त्या संध्याकाळी याडी, म्हणजे माझी आई, कापूस वेचून आली ती पाणीसुद्धा न पिता माझ्यासमोर उभी राहिली. आमच्या गोरबोलीत म्हणाली, "तुझं लग्न जमलं म्हणतात बाया. पोरगा कोण, ते मला तरी सांग." मला आधी हसू आलं. मग तिचा चेहरा पाहिला. शेतात दिवसभर बायांनी तिला टोचून खाल्लं होतं. पोरीनं आईबापाला न विचारता ठरवलं, असं एव्हाना तांडाभर झालं होतं.

मी सरांना तिथूनच फोन लावला. "सर, गुडघा तुटला हे सांगाची लाज वाटते, अन् माह्यं खोटं लग्न लावाची नाई वाटत?"

"अव, शुभ गोष्ट हाय. लग्न म्हटलं की लोक पुढं विचारत नाईत. दुखापत सांगतली तं स्पर्धावाले आपल्या टीमले बोलावणारच नाईत."

म्हणजे माझ्या पायासाठी काहीच लपवलं नव्हतं. पुरुषांच्या टीममध्ये कोणाला लागलं की 'किरकोळ दुखापत' म्हणतात. तेही खोटंच, पण त्यात निदान दुखापत तरी असते. बाईच्या वाट्याला तेवढंही नाही. तिचं सरळ लग्नच लावून टाकायचं!

बा सगळं ऐकत होता. तो कमी बोलतो. बोरी अरबला आमच्या टीमचा सामना होता, त्या दिवशी त्यानं मोटरसायकल काढली आणि म्हणाला, "चाल." मी मागे बसले, पाय जपत.

दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत मी माइकवाल्याकडे गेले. तो मला ओळखत होता. नवरी शुभेच्छा घ्यायला आली असं समजून त्यानं हसत माइक दिला. पलीकडून सर हातानं नको नको करत होते. मी म्हटलं, "माह्यं लग्न जमलं नाई. माह्या गुडघ्यातलं लिगामेंट महागावले तुटलं. टीमले पयल्यापासून माहीत हाय. बाभुळगावले मी घमंडीनं बसली नोती, मले खेळता येत नोतं." एवढंच. आवाज चिरकला, पण मी थांबले नाही.

टाळ्या वगैरे काही पडल्या नाहीत. लोक आपसात कुजबुजले. सर येऊन दात आवळून म्हणाले, "आता तुले कोणती टीम घेते ते पाह्यतो." पण मी मोटरसायकलीकडे जात असताना समोरच्या टीमची एक पोरगी मागे आली. तिनं बाही वर केली. खांद्याखाली सुयांचे डाग होते. "मले बी दुखणं दाबाच्या सुया देऊन खेळवून राह्यले," ती म्हणाली. "घरी माहीत नाई." बा तिला म्हणाला, "मंग आजच सांग बाई." त्या दिवशी ती मॅटवर उतरली नाही. त्यांच्या टीमनं सांगितलं, पोट दुखतंय.

मला पुन्हा कोणत्याच टीमनं घेतलं नाही. ऑपरेशन झालं, सरकारी योजनेतून. टीमकडून कोणी भेटायलासुद्धा आलं नाही. आता मी सरळ पळू शकते. झटकन वळायला गेले की गुडघा सरकतो, आणि चढाई म्हणजे सगळं वळणंच. याडी म्हणते, सोड आता, राग धरून काय होते? मी तिला सांगते, मला सोडायचा नाहीये.