ओव्हरसियरबाई आणि जिमीचे कान

ओव्हरसियरबाईंचा एका गोष्टीवर अढळ विश्वास होता. कुत्र्याचं नाक ओलं असलं की कुत्रं ठणठणीत. मग त्याच्या कानांचा वास फाटकापर्यंत येवो, नाहीतर त्याने तोंड उघडल्यावर समोरचा माणूस दोन पावलं मागे सरको. बाई उलटा हात त्याच्या नाकाला लावायच्या आणि निकाल द्यायच्या, "वलं हाय. काय झालं न्हाई त्येला."

बाईंचे यजमान ओव्हरसियर होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली, तरी सांगलीच्या विश्रामबागेत बाईंना सगळे याच नावाने ओळखायचे. त्यांचं कोपऱ्यावरचं बैठं घर मला हवं होतं. मी दुष्काळी माण तालुक्यातून रिकाम्या हातांनी आलेला माणूस. कुपवाडला शेड घेऊन लेथ टाकली होती आणि शेडच्या मागच्या दोन खोल्यांत संसार मांडला होता. लोखंडाचा चुरा भाकरीतसुद्धा यायचा. बायको म्हणायची, "घासाघीस करून जगाला दमवताय, मला एक धड घर बघा की." बाई एकट्या, लेक पुण्याला दिलेली. आज ना उद्या त्या घर विकणार, हे मी हेरलं होतं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी किमतीचा विषय काढला आणि त्याच क्षणी जिमीने डोकं झाडलं. जिमी म्हणजे तांबड्या रंगाचा, लोंबत्या कानांचा, उतारवयाला लागलेला कुत्रा. त्याच्या कानातला काळपट मळ माझ्या नव्या टेरिकॉटच्या शर्टावर उडाला.

"तुमी आवडला त्येला," बाई म्हणाल्या.

"आणि घराचं?"

"च्या घ्या आधी."

मला राग लवकर येतो, पण सौद्यात मी तो गिळतो. या घराची वाट कुत्र्याच्या कानातून जाते, हे मी ओळखलं. रविवारी जिमीला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं, म्हशींच्या मागे उभा राहिलो. डॉक्टरांनी त्याचा कान उलटून दाखवला. आतून लालभडक, सुजलेला. लोंबत्या कानांना वारा लागत नाही, आत ओल राहते आणि कान चिघळतो, असं ते म्हणाले. औषधाने पुसायचा, कोरडा ठेवायचा आणि तेल अजिबात घालायचं नाही. बाई तर रोज लसूण तळून कोमट तेल घालत होत्या!

"बाई, तेल बंद."

"का म्हणून? माझ्या लेकीचा कान ह्येच्यावरच बरा झाला."

"लेकीचे कान लोंबतात का?"

"आवं कारखानदार, माझ्या लेकीला नावं ठेवू नका!"

समोर हो म्हणायच्या, मी वळलो की तेल घालायच्या. पुढच्या रविवारी कापूस फिरवला की तेलकट, पिवळा निघायचा. एकदा वैतागून मी तेलाची बाटलीच उचलून नेली, तर त्यांनी दुसरी भरली. शेवटी दर रविवारी कान मीच पुसू लागलो. बाई शेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि माझ्या हातांकडे बघत राहायच्या. घराचं काढलं की म्हणायच्या, "डावा ऱ्हायला बघा."

तोंडाचीही तीच तऱ्हा. शिरा, पेढे, दुधात कुस्करलेली पोळी, असा त्याचा खुराक. दातांवर कीटण चढलेलं, हिरड्यांतून रक्त. डॉक्टरांनी त्याची हलणारी दाढ काढली तेव्हा जबडा मी धरला होता. बाई बाहेर बाकावर तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

"आता गोड बंद," मी बजावलं.

"एवढं दुखलं त्येला. आज तरी शिरा नको व्हय?"

एका दिवाळीनंतर वाळक्या गवतात हिंडून आला आणि जिमी शिंकत सुटला. एका नाकपुडीतून रक्त येऊ लागलं. बाई त्याला मांडीवर घेऊन रिक्षाने थेट माझ्या शेडवर आल्या. पातळावर रक्ताचे ठिपके होते. "नाकच गेलं ओ त्येचं," एवढंच बोलल्या. ही बाई घाबरते, हे मला ठाऊक नव्हतं. लेथ बंद करून आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरांनी चिमट्याने नाकातून गवताचं कुसळ ओढून काढलं. तेवढा वेळ मी जिमीचं डोकं काखेत दाबून धरलं होतं आणि बाईंनी माझा दंड. परतताना मी मनातल्या मनात त्या घराची मधली भिंत पाडून खोली वाढवलीसुद्धा.

थंडी सरता सरता बाईंनी घर विकलं. बँकेतल्या एका साहेबाला, मी द्यायला तयार होतो त्यापेक्षा कमी किमतीत! मला कळलं तेव्हा सामान ट्रकमध्ये चढत होतं. मी फाटकातूनच ओरडलो, "इतकी वर्षं तुमच्या कुत्र्याचे कान मी पुसले, आणि घर त्या साहेबाला?"

बाई शांत होत्या. "लेक तिसऱ्या मजल्यावर ऱ्हाती. तितं कुत्रं चालत न्हाई."

"मग घर आणि कुत्रा दोन्ही मला दिले असते!"

"घरासंगं दिला असता तर तुमी त्येला सौद्यातला धरला असता. आन् सौद्यात आलेली वस्तू तुमी पुढं खपवता." त्यांनी जिमीच्या गळ्यातली दोरी माझ्यापुढे केली. "आता घर गेलं. आता न्याल ते त्येच्यासाठीच न्याल. न्हाईतर ऱ्हावू द्या."

मी त्यांना नको नको ते बोललो. बोलता बोलता दोरी हातात घेतली.

बायको दारातच उभी होती. कुत्र्याकडे बघून म्हणाली, "घर आणाय गेला हुता न्हवं?"

बाई पुन्हा सांगलीला आल्या नाहीत, लेकीकडेच राहिल्या. त्यांना ऐकवण्यासारखी बिनतोड उत्तरं मला नंतर सुचली. जिमी होता तोवर, रविवारी त्याचे कान पुसताना, मी ती मोठ्याने म्हणत असे.