मास्तरणीची वच्छला

आमच्या गावातल्या मुली शिकल्या त्या विमलबाई मास्तरणीमुळे, असं गावात कुणालाही विचारा, सांगेल. वच्छलाचं नाव मात्र कुणाच्या तोंडी येत नाही. म्हणून मी सांगते, कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या साली बाई आमच्या गावात आल्या. अनसिंगपासून दीड कोसावर गाव, शाळा चौथीपर्यंत. लग्नाआधी बाईंनी दोन वर्षं मास्तरकी केली होती. लग्नानंतरही ती चालू होती, पण वच्छला पोटात आली तशी सासरच्यांनी ती सोडायला लावली. बाईमाणसाच्या कमाईवर जगायची वेळ आमच्यावर आली नाही म्हणाले. पुढं नवरा देवमन कापसाच्या जिनिंगमधल्या धुळीनं छाती पोखरून गेला, तेव्हा तेच सासरचे म्हणाले, आता तुझं तू बघ. बाईंनी पुन्हा अर्ज केला आणि जिल्हा परिषदेनं आमचं गाव दिलं. सोबत दहा वर्षांची वच्छला आणि अंगावर पिणारा भिवाजी. मधली दोन जगली नव्हती.

वच्छला चौथी पास होऊन आली होती. कविता तर अशी म्हणायची की ऐकणाऱ्यानं हातातलं काम थांबवावं. तिला पाचवीला अनसिंगच्या शाळेत घालायचं हे बाईंनी येण्याआधीच ठरवलं होतं. पण बाई शाळेत गेल्यावर भिवाजीला कोण बघणार? बाई तिला म्हणाल्या, एक वर्ष थांब, हा अंगावरचा सुटला की तुझं नाव घालते. वच्छला थांबली. आईचं ऐकणारी पोरगी, थांबेल नाही तर काय करेल.

तेवढ्यानं भागतं तर मी ही गोष्ट सांगत बसले नसते. बाईंची जागा होती मुलींसाठी. वर्गात मुली दिसल्या नाहीत तर जागा दुसऱ्या गावी जाईल, असं वरून बजावलं होतं. जागा गेली की चूल गेली. आणि आमच्या गावात मुली शाळेत यायच्या कशा? आया सकाळीच शेतात वेचणीला, निंदणीला. घरात रांगतं पोर, आणि त्या पोराला कडेवर घेऊन फिरायला मोठी बहीण. मीही त्यातलीच. दुसरी झाल्यावर माझ्या भावाचा, शालिकरामचा जन्म झाला आणि माझी शाळा सुटली.

बाई घरोघरी फिरल्या, तशा आमच्याही दारात आल्या. आम्ही माळी, नाल्याकाठी वांगी-मिरच्या लावायचो. माझी आई कस्तुराबाई बाजाराची टोपली भरत होती. बाईंनी पोरीला पाठवा म्हटल्यावर आईनं वरसुद्धा बघितलं नाही.

"पोरगी शाळेत गेली तं ह्या पोट्ट्याले कोण सांभाळीन? तुमी?"

आई थट्टेनं बोलली होती. बाई म्हणाल्या, "आणा माह्या घरी. माही वच्छला पाहीन."

दुसऱ्या दिवशी शालिक बौद्धपुऱ्यात वच्छलाजवळ आणि मी तिसरीच्या वर्गात. आठवडाभरात आणखी तीन पोरं, वेचणीच्या दिवसांत तर सात-आठ. गाव आमचं मोठं सोवळं. बौद्धांच्या घरचं पाणी आमच्यात कुणी प्यायचं नाही. पण आमची लेकरं दिवसभर त्याच घरातलं पाणी प्यायची आणि वच्छलाच्या हातची पेज खायची. संध्याकाळी आजी शालिकवर गोमूत्राचा शिंतोडा टाकून त्याला घरात घ्यायची. गरज सरो वैद्य मरो म्हणतात. आमच्याकडं गरज असतानाही वैद्याला दारातच उभं करायचे.

वच्छलाचा दिवस मी रोज बघायची. आढ्याला लुगड्यांच्या झोळ्या, एकीची दोरी हातात, दुसरीची पायाच्या अंगठ्यात, मांडीवर तिसरं. एकाचं धुतलं की दुसरं करून ठेवायचं. पहिल्या वर्षी मी शालिकला न्यायला गेले की ती आधी विचारायची, आज काय शिकवलं. मी पुस्तक काढून दाखवायची, ती उभ्या उभ्या वाचून घ्यायची, तोवर मागं कुणीतरी रडायला लागायचं. हळूहळू तिनं विचारणं सोडलं. भिवाजी अंगावरचा सुटला, चालायला लागला, तरी वच्छला घरीच. दर जूनमध्ये बाई म्हणायच्या, एवढं वर्ष.

बाई वाईट नव्हत्या. तसं असतं तर मला एवढी चीडच आली नसती. रात्री दमून आल्यावरही लेकीला घेऊन बसायच्या, पण दोन ओळी वाचून होईतो वच्छलाची मान पुस्तकावर पडायची.

तिला चौदावं लागलं त्या जूनमध्ये मात्र बाईंनी मनावर घेतलं. अनसिंगला जाऊन पाचवीत नाव घातलं. मी तेव्हा सहावीत. आम्ही दोघी बरोबर चालत जायचो. वर्गातल्या पोरी तिच्या खांद्याएवढ्या, तरी ती खुशीत होती. नाल्याजवळ आलो की कविता मोठ्यानं म्हणायची. तिला तेवढं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

आठ दिवस झाले. गावात कुणी भांडायला आलं नाही, कुणी शब्द बोललं नाही. फक्त एकेक पोरगी शाळेतून गळत गेली, धाकटं भावंड कडेवर घेऊन घरी बसली. आठव्या दिवशी वर्गात तीन मुली राहिल्या, आणि पाहणीला साहेब येणार असल्याचा निरोप आला. नवव्या दिवशी मी वच्छलाला बोलवायला गेले तर ती झोळ्या बांधत होती. मला म्हणाली, तू जाय. बाई तिथंच उंबऱ्यात होत्या, शाळेला निघालेल्या. त्या वच्छलाला "जा" म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत उभी राहिले, पण त्या म्हणाल्या नाहीत.

साहेब आले. एवढ्याशा गावात एवढ्या मुली बघून खूश झाले, नारळ देऊन बाईंचा सत्कार केला. वच्छला कडेवर एक आणि बोटाशी एक घेऊन शाळेच्या कुंपणाबाहेरून बघत होती. लगेच परत फिरली, घरी झोळीत आणखी दोघं होती.

वच्छला पोरं छान सांभाळते ही कीर्ती मात्र दूरवर गेली. तिला सोळावं लागलं तेव्हा कारंज्याहून माणिकराव नावाच्या माणसाचं स्थळ आलं. एसटीत कंडक्टर, वय बत्तीस, बायको बाळंतपणात गेलेली, मागं तीन लेकरं, धाकटं आठ महिन्यांचं. माणूस सरळ होता, त्यानं काही लपवलं नाही. पोरगी शिकलेली नसली तरी चालते म्हणाला, लेकरांना जीव लावणारी पाहिजे. मास्तरणीच्या तोंडावर हे म्हणाला.

तो गेल्यावर मात्र बाई खवळल्या. मी तिथंच होते. बिजवराला लेक देणार नाही म्हणाल्या. तुझं नाव पुन्हा घालते, बाहेरून परीक्षेला बसवते, जागा गेली तरी चालेल म्हणाल्या. वच्छला झोळी हलवत होती. तिनं ती थांबवली नाही.

"माय, इथं मी लोकाईचे पोरं सांभाळून राह्यली. तिथंबी दुसरीचेच हायेत. पण ते मले माय म्हणतीन, न घर तं माह्यं राहीन. मले जाऊ दे."

बाई तिच्या शेजारी बसल्या आणि दुसऱ्या झोळीची दोरी हातात घेतली.

लग्न साधं झालं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं वंदना झाली, हार घातले. हार निघायच्या आत माणिकरावचं धाकटं पोर वच्छलाच्या मांडीवर येऊन झोपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारख्या बाया बाईंच्या दारात जमल्या, काखेत लेकरं, पदराशी पोरी. माझी आईही होती, शालिकनंतरची तान्ही घेऊन. मी अनसिंगला शाळेत निघाले होते, म्हणून आईबरोबरच तिथवर आले होते. आता पोरं कोण पाहीन, असं कुणीतरी विचारलं. वच्छला पोचली का नीट, हे कुणी विचारलं नाही.

बाईंच्या हातात शाळेची किल्ली होती. त्यांनी एकेकीकडं पाहिलं आणि अगदी हळू बोलल्या.

"माही लेक पाच वर्षं बसली. आता तुमच्यातल्या कोणाची बसते, सांगा."

कुणी लेकराचं नाक पुसलं, कुणी पदर सारखा केला. माझ्या आईनं माझा हात धरून मला बाजूला घेतलं.

"चाल," ती म्हणाली, "तुले शाळेले उशीर होते."