हातात सोंगटी असताना

डॉमिनो खेळायला मी शिकले तेव्हा माझी पस्तिशी उलटली होती आणि शिकवणारी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची होती. ती जमैकाची. वेस्ट इंडीजमधल्या त्या बेटावरून इथल्या विद्यापीठात शिकायला आली होती. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. गारखेड्यात आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली होती, ती आम्ही तिला भाड्यानं दिली होती. जमैका म्हटलं की आमच्या ह्यांना फास्ट बोलर आठवायचे. मला तेही आठवत नव्हते.

खेळाचं कौतुक सांगायला मी हे लिहीत नाही. त्या मुलीशी मी जे वागले त्याची मला लाज वाटते, इतकी वर्षं झाली तरी वाटते, आणि खेळ सांगितल्याशिवाय ती लाज सांगता येत नाही.

मी सकाळच्या शाळेत शिकवायचे, दुपारी एकपर्यंत घरी यायचे. हे वाळूजच्या कंपनीत होते, शिफ्टच्या बसनं जायचे-यायचे. घराचा प्लॉट माझ्या वडिलांनी माझ्या नावावर घेतलेला, त्यामुळं घराची कागदं माझ्या नावाची. दारावरची पाटी मात्र ह्यांच्या नावाची. तेव्हा तशीच रीत होती आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मुलगी राहायला आली तेव्हा पोलिसांकडे परदेशी माणसाची नोंद करायचा एक फॉर्म भरावा लागला. त्यावर घरमालक म्हणून मी सही केली. फॉर्म घेऊन तीच कचेरीत गेली होती, म्हणून घर कुणाचं हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. पैठणकडच्या, निजामाच्या राज्यात दोन इयत्ता उर्दूत शिकलेल्या. पोलीस ॲक्शन झाली त्या वर्षी त्यांची शाळा सुटली ती कायमची. जिभेनं फटकळ. मुलगी आली त्या आठवड्यात त्यांनी तिच्या चहाचा कप वेगळा ठेवला. मला ते फार लागलं. मी स्वतःला सुधारलेली समजत होते ना. ह्यांच्याजवळ मी आत्याबाईंच्या जुनाट विचारांबद्दल तासभर बोलले, पण तो कप काही उचलून आत ठेवला नाही.

तो कप गेला डॉमिनोमुळं. एके दुपारी मुलगी लाकडी पेटी घेऊन खाली आली. आत अठ्ठावीस सोंगट्या होत्या, हस्तिदंती रंगाच्या, प्रत्येकीच्या दोन टोकांना ठिपके. सगळ्यात मोठी दोन्हीकडं सहा-सहा ठिपक्यांची, सगळ्यात लहान दोन्हीकडं कोरी. खेळायला चौघं लागतात, समोरासमोर बसणारे दोघं भिडू. मी, आत्याबाई आणि ती अशा तिघी झालो. चौथ्या आल्या पलीकडच्या गल्लीतल्या आपा. आमच्या कॉलनीत मुसलमानांचं त्यांचं एकच घर. त्या कपडे शिवायच्या, आणि आत्याबाईंचं त्यांच्याशी पान-सुपारीवर जमलेलं होतं. व्हरांड्यात स्टुलावर ह्यांचा कॅरमबोर्ड ठेवला, चहूबाजूंनी काठ असल्यामुळं सोंगट्या पडत नव्हत्या. नळाला पाणी यायचा दिवस सोडला तर मग रोज दुपारी आमची बैठक बसू लागली.

नियम तसे सोपे. प्रत्येकीला सात सोंगट्या. मांडलेल्या ओळीच्या टोकाला जितके ठिपके असतील तितक्याच ठिपक्यांची सोंगटी जोडायची. जुळणारी नसेल तर बोटाच्या पेरानं बोर्डावर दोनदा टकटक करायचं, म्हणजे पास. जिच्या सोंगट्या आधी संपतील ती आणि तिची भिडू जिंकली. आम्ही पत्त्यांवर वाढलेल्या बाया, आम्ही लगेच ठिपक्यांना दुर्री, तिर्री, पंजी, छक्की म्हणायला लागलो. चार दिवसांत ती मुलगीही छक्की म्हणायला लागली.

अवघड होतं ते आपटणं. तिच्या बेटावर सोंगटी ठेवत नाहीत, आपटतात. हात खांद्याच्या वर न्यायचा आणि असा हाणायचा की बोर्डावरच्या बाकीच्या सोंगट्या उडाल्या पाहिजेत. आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, भांडं ठेवलं तरी आवाज येता कामा नये. मी आपटायचे ते पापड लाटल्यासारखं. मुलगी हसून लोळायची. आत्याबाईंनी मात्र तिसऱ्याच दिवशी अशी सोंगटी हाणली की मांजर उठून पळालं.

‘‘इतक्या वर्षांचं साठलंय गं हातात,’’ त्या म्हणाल्या.

‘‘हौ, आणि ते माझ्याच डोक्यावर काढतात तुम्ही,’’ आपा म्हणाल्या.

त्या दिवशी चहाला आत्याबाईंनी चार सारखे कप आणले. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, बघा, माझ्या घरात कसा फरक पडतोय. श्रेय घ्यायला मी अशी पुढं.

खेळात आम्ही पहिले कितीतरी दिवस मार खाल्ला. ओळीनं सहा डाव हरलं आणि एकही जिंकता आला नाही तर ती तिच्याकडची मोठी नामुष्की. असल्या नामुष्क्या मी आणि आत्याबाईंनी किती पदरात घेतल्या त्याची गणती नाही. मुलगी म्हणायची, हरण्याला काही नसतं, बाहेर पडलेल्या सोंगट्या लक्षात ठेवा. तिच्या स्वतःच्या त्या बरोबर लक्षात असायच्या. डाव अर्ध्यावर आला की कुणाच्या हातात काय उरलंय हे ती तोंडावर सांगू शकली असती. सांगायची नाही, नुसतं बघायची.

मग माझ्या हातून ती चूक झाली. आमच्याकडं मेंढीकोट खेळताना लबाडी हा खेळाचाच भाग. डोळ्यानं खूण करायची, रंग असून लपवायचा, सापडलं तर सगळ्यांनी मिळून हसायचं. लग्नाच्या घरी अशा लबाडीबद्दल माझी ख्याती होती. त्या दिवशी मुलगी माझी भिडू होती. एका टोकाला छक्की होती, दुसऱ्या टोकाला कोरं. माझ्याकडं छक्की-तिर्री होती, पण ती मला शेवटाला राखायची होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी टकटक केलं. मुलीनं ते खरं धरलं. माझ्याकडं छक्की नाही असं समजून तिनं मला वाट करून द्यायला स्वतःची चांगली जुळलेली जोडी मोडली आणि ते टोक बदललं. डाव आम्ही हरलो. सोंगट्या उताण्या केल्या तेव्हा माझी छक्की सगळ्यांना दिसली.

मी हसले. आत्याबाईही हसल्या. मुलगी हसली नाही.

तिला तेव्हा मोडकं हिंदी आणि त्याहून मोडकं मराठी यायचं. ती सावकाश म्हणाली, ‘‘काकू, हातात होती. पास का केलं?’’

‘‘अगं, गंमत. आमच्याकडं चालतं.’’

‘‘आमच्याकडं नाही चालत. हरलं तर चालतं. हे नाही. भिडू तुमचा पास खरा मानतो आणि स्वतःचं देऊन टाकतो. असं केलं की मग कोणी समोर बसत नाही.’’

मला राग आला. कालची पोर, माझ्याच व्हरांड्यात बसून मला शिकवते. पण आत्याबाई मान हलवत म्हणाल्या, ‘‘बरोबर बोलती ती. पुन्हा असं करू नको.’’ मी पुन्हा तसं केलं नाही. म्हणजे बोर्डावर केलं नाही.

हिवाळ्यात मुलीचे वर्गमित्र कधीकधी रविवारी खेळायला यायला लागले. तिघंजण, आफ्रिकेतले, तेही इथंच शिकणारे. गच्चीवर चौघांचा डाव रंगायचा, आपटण्याचा आवाज गल्लीत जायचा, हसणं जायचं. मला ते आवडायचं. शाळेत मी सांगायचेही, आमच्या घरी परदेशी मुलं येतात म्हणून. कॉलनीत मात्र कुजबुज सुरू झाली. तिथं जुगार चालतो, ही झाली पहिली गोष्ट. दुसरी मी इथं लिहीत नाही. तिच्या रंगाबद्दल, केसांबद्दल जे बोललं जायचं ते नळावर माझ्याही कानावर आलं होतं. मी बादली उचलून घरी आले होते.

परीक्षेला दीड महिना राहिला असताना एका दुपारी सोसायटीचे चेअरमन आणि आणखी दोघं आमच्या दारात आले. आम्ही चौघी खेळत होतो. हे दुसऱ्या शिफ्टला गेलेले. चेअरमन भला माणूस, मी एकदा आजारी पडले तेव्हा त्यांच्याच गाडीतून मला दवाखान्यात नेलं होतं. ते उभ्याउभ्याच बोलले, मुलगी समोर बसलेली असताना, तिला काही कळत नसल्यासारखं.

‘‘वहिनी, पोरगी चांगली असंल, आम्ही नाय म्हणत नाय. पण कॉलनीत सगळ्यांच्या लेकीबाळी हायत. लोक लई बोलायलेत. तिला दुसरीकडं बघाय सांगा. घर तुमचं, तुम्ही सांगाल तसं. तुम्ही म्हणलात राहू द्या, तर आम्ही परत येणार नाय.’’

शेवटचं वाक्य मी अजून विसरले नाही. ते मला धमकी द्यायला आले नव्हते, विचारायला आले होते. एक शब्द पुरला असता. मुलगी माझ्या समोर बसली होती, त्या दिवशीही माझीच भिडू. आपांनी मान खाली घातली. एकटं घर त्यांचं, त्यांना तिथं बोलायची सोय नव्हती. मला होती. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या, कारण उत्तर मीच द्यायचं होतं.

मी म्हणाले, ‘‘घर ह्यांचं आहे भाऊ. ते म्हणतील तसं. मला त्यातलं काय कळतंय?’’

का म्हणाले? मला भीती कशाची होती याचा मी खूप विचार केला आहे. मारणार कुणी नव्हतं, वाळीत टाकणार कुणी नव्हतं. हळदीकुंकवाला चार बाया कमी आल्या असत्या. नळावर गेले की बोलणं थांबलं असतं. तेवढ्यासाठी. याहून मोठं कारण सापडलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण ते सापडत नाही.

‘‘मग सायबांना सांगतो,’’ म्हणून ती माणसं गेली.

डाव अर्ध्यावर होता आणि पाळी माझी होती. मी हातातल्या सोंगट्यांकडं बघत बसले. मुलीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनं हात लांब केला आणि माझ्या बाजूच्या काठावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं. रागानं नाही, हळूच. माझ्या वतीनं. मग तिनं आपल्या सोंगट्या उताण्या केल्या, सगळ्यांच्या गोळा केल्या, मोजल्या आणि पेटीत भरल्या. अठ्ठावीस होत्या.

‘‘अगं, हे आल्यावर मी बोलते,’’ मी म्हणाले.

‘‘हो काकू,’’ ती म्हणाली.

रात्री ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, ‘‘मला कशाला विचारायचं? राहू दे म्हणायचं होतं.’’ म्हणजे तीही आडकाठी नव्हती. सकाळी मी शाळेत गेले, तिथून येऊन गच्चीवर जाऊन तिला सांगायचं ठरवलं. आले तेव्हा ती खोली बघायला बाहेर पडली होती. पुढचे दोन दिवस मी उद्या सांगू म्हणत घालवले. चौथ्या दिवशी रिक्षात सामान भरून ती चिकलठाण्याला गेली. तिथून विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या टोकाला. परीक्षेच्या दिवसांत तिला दोन बस बदलून जावं लागलं असणार. आपांनी तिला एक कुर्ता शिवून दिला. आत्याबाईंनी डबा दिला, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या. मी गेटपर्यंत गेले आणि पत्ता कळव म्हणाले. तिनं कळवला नाही. ती पास झाली की नाही हेही मला माहीत नाही, आणि आपांकडून विचारून घ्यायचं धाडस मला झालं नाही. आपांना माहीत होतं असं वाटतं.

पुढच्या आठवड्यात दुपार खायला उठली म्हणून मी पत्ते काढले. आपांना आणि वरच्या गल्लीतल्या एका बाईंना बोलावलं. मेंढीकोट मांडू म्हटलं. मी कायमच्या जागी बसले आणि आत्याबाईंसाठी समोर पाट सरकवला. त्या आल्या, पाटाकडं पाहिलं आणि आपांच्या समोर जाऊन बसल्या.

‘‘आत्याबाई, तुम्ही माझ्याकडून ना?’’

त्यांनी पत्ते उचलून लावायला घेतले. ‘‘तुझ्या हातात काय हाय ते मला कळत नाय बाई,’’ त्या म्हणाल्या.

मला वाटलं, राग आहे, जाईल. आत्याबाई त्यानंतर वीस वर्षं जगल्या. माझ्या हातचं जेवल्या, आजारपणात माझ्याच हातून औषध घेतलं, चारचौघींत मला चांगली सून म्हणाल्या. पत्ते आम्ही शेकडो दुपारी खेळलो. त्या कधी माझ्या उजवीकडं बसल्या, कधी डावीकडं. समोर एकदाही बसल्या नाहीत.