रविवारचे आकडे

१२ जूनला वेल्डिंगच्या गुणवत्ता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी मी ऑडिटची फी भरली, एकेचाळीस हजार तीनशे रुपये. कागद तपासताना स्टोअरच्या दादांची वही हाती लागली. वेल्डिंगचे रॉड दमट होऊ नयेत म्हणून गरम ओव्हनमध्ये ठेवतात, आणि दादा बावीस वर्षं त्याचं तापमान लिहितात. वहीत अकरा रविवारचेही आकडे होते. रविवारी कारखाना बंद असतो, आणि गेटच्या रजिस्टरात दादांचं नाव नव्हतं. नोंद खोटी निघाली तर प्रमाणपत्र जाणार होतं.

"दादा, हे घरबसल्या लिहिलंत?"

"वीज गेली की ओव्हन बंद पडतो, साहेब. बघून जातो."

"मग गेटवर नोंद का नाही?"

"नोंद केली, तर ओव्हरटाइमसाठी येतो म्हणून तुम्हीच डोळे वटाराल."

उत्तर जरा जास्तच तयार वाटलं. मी वॉचमनला एकट्याला गाठलं.

"येतात की! माझ्या वाटणीचा चहासुद्धा पिऊन जातात."

तरीही मी त्याच्याकडून लेखी घेतलं. ऑडिटरने ते दोनदा वाचलं, गेटच्या नोंदीबद्दल शेरा मारला आणि प्रमाणपत्र चालू ठेवलं.

दादांचा अकरा रविवारांचा ओव्हरटाइम अजून द्यायचा आहे.